आकाशाची वांटणी

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यांत गेलेल्या माणसाला एक वाक्य वारंवार ऐकावें लागतें: “येथें रेंज नाहीं.” हें वाक्य उच्चारणाराच्या मनांत बहुधा अशी कल्पना असते कीं, पुण्या-मुंबईच्या आकाशांत ज्या लहरी ओसंडून वाहत आहेत त्यांचा एखादा ओहोळहि या अरण्यापर्यंत येऊन पोंचलेला नाहीं, शहरांत लहरी मुबलक आणि रानांत त्यांचा दुष्काळ! वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. बिनतारी लहरींची जी जागा दादरसारख्या वस्तींत बोटाबोटानें मोजून वापरावी लागते, तीच जागा भामरागडच्या आकाशांत बव्हंशीं रिकामी पडून असते. उणीव आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ती कोणती हें कळण्यासाठीं, लहरींचा एकच पट्टा हजारों माणसें एकाच वेळीं कशीं वापरतात, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. विषय वाटतो तितका रूक्ष नाहीं, असें आमच्या वाचक बंधुभगिनींना आरंभींच सांगून ठेवतों. ज्या घरांत वीस माणसें आणि न्हाणीघर मात्र एक, त्या घरांतील गृहिणीला या शास्त्राचा अर्धा भाग न शिकवतांच येत असतो.

मोबाइल फोन हा मुळांत एक लहानसा रेडिओच आहे. फरक एवढाच कीं, तो ऐकतो तसा बोलतोहि. बोलतांना त्याच्यांतील विद्युत्प्रवाह एका सेकंदांत कोट्यवधि वेळां मागेंपुढें हेलकावे घेतो, आणि त्या हेलकाव्यांची लहर प्रकाशाच्या वेगानें चोहींकडे पसरते. सेकंदांतील हेलकाव्यांच्या संख्येला कंपनसंख्या म्हणतात. सेकंदास दहा लक्ष हेलकावे म्हणजे एक मेगाहर्ट्झ. रेडिओची कळ फिरवून एक केंद्र सोडतां येतें व दुसरें धरतां येतें, तें प्रत्येक केंद्राची कंपनसंख्या निराळी असल्यामुळें. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. मजकूर वाहून न्यावयाचा तर रेषेएवढी एकच कंपनसंख्या पुरत नाहीं. तिच्या दोन्ही बाजूंस थोडी रुंदी लागते. नुसत्या संभाषणाला थोडी, गाण्याला अधिक, आणि चलच्चित्राला त्याहूनहि पुष्कळ. रस्त्यावरून माणूस जावयाचा असेल तर पाऊलवाट चालते, बैलगाडीला रस्ता हवा, तसाच हा प्रकार. आणि एकाच ठिकाणीं, एकाच वेळीं, एकाच रुंदींत दोघे बोलूं लागले कीं दोघांचेंहि बोलणें नासतें.

म्हणूनच या जागेचा हिशेब सरकारला ठेवावा लागतो. आपल्या देशांत हें काम १९५२ सालीं स्थापन झालेली केंद्र सरकारची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ ही शाखा पाहते. आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी १९९५ मध्यें दिला, आणि त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं बोलून या देशांतील मोबाइल सेवेचा आरंभ केला. पुढें २०१२ मध्यें त्याच न्यायालयानें १२२ परवाने रद्द ठरविल्यावर लहरींचे पट्टे लिलावानेंच विकण्याची रीत रूढ झाली. या विक्रींतील एक बारकावा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पट्टा विकतात तो गांवाचा किंवा जिल्ह्याचा नव्हे, तर अख्ख्या ‘सर्कल’चा. मुंबई वेगळी काढली तर उरलेला सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल होतें. पुण्याच्या गर्दीसाठीं कंपनीनें पट्टा घेतला कीं भामरागडच्या अरण्यावरील तोच पट्टा आपोआप तिच्या मालकीचा होतो, मग तेथें तिचा एकहि मनोरा असो वा नसो.

वांटणीचा सर्वांत जुना व सोपा प्रकार पाहावयाचा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यांत तो वाघांच्या गळ्यांत पाहावयास मिळतो. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या रानांतील कांहीं वाघांना डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनीं रेडिओ-पट्टे बांधले. असा पट्टा ठराविक अंतरानें एक बारीक टिकटिक आकाशांत सोडीत राहतो. प्रत्येक पट्ट्याची कंपनसंख्या शेजारच्या वाघाच्या पट्ट्याहून किंचित् निराळी ठेवलेली असते. संशोधक हातांत अँटेना घेऊन जीपमध्यें उभा राहतो, यंत्रावर हव्या त्या वाघाची कंपनसंख्या लावतो आणि अँटेना सावकाश फिरवितो. ज्या दिशेला टिकटिक मोठी ऐकूं येईल त्या दिशेला तो वाघ! दुसरा वाघ त्याच बांबूच्या बेटांत झोपलेला असला तरी त्याचा आवाज यांत मिसळत नाहीं. दहा वाघ, दहा कंपनसंख्या. वाघ थोडे आहेत तोंवर ही व्यवस्था उत्तम चालते. माणसें मात्र फार आहेत.

दुसरा जुना प्रकार पोलिसांच्या आणि वनखात्याच्या हातांतील वॉकी-टॉकीचा. तेथें साऱ्यांची कंपनसंख्या एकच. एकानें कळ दाबून बोलावें, इतरांनीं ऐकावें, आणि बोलणें संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणून जागा मोकळी करावी. ही वांटणी वेळेची, आणि तिचा पाया केवळ शिस्तीचा. दहा माणसांच्या तुकडीला ती पुरते. परंतु एखाद्या शहरानें अशा रीतीनें बोलावयाचें म्हटलें तर सकाळचा निरोप सांगण्याची पाळी तिसऱ्या दिवशीं येईल.

कंपनसंख्या वांटून घेणें आणि वेळ वांटून घेणें, या दोहोंच्या जोडीला तिसरी युक्ति निघाली ती जागा वांटून घेण्याची, आणि मोबाइलचें खरें जन्मरहस्य तींतच आहे. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या डग्लस रिंग यांनीं एक टिपण लिहिलें. त्यांतील कल्पना अशी कीं, गांवाच्या मधोमध एक प्रचंड मनोरा उभारून साऱ्या गांवाला ओरडून सांगण्यापेक्षां गांवाचे मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी घर पाडावे, प्रत्येक घरांत एक लहान मनोरा ठेवावा, आणि त्यानें आपल्या घरापुरतेंच हळू बोलावें. शेजारशेजारच्या घरांना निरनिराळे पट्टे द्यावे; पण दोन-तीन घरें ओलांडून पलीकडे गेल्यावर पहिलाच पट्टा पुन्हां वापरण्यास हरकत नाहीं, कारण तेथपर्यंत पहिल्या घराचा आवाज पोंचतच नाहीं. ही कल्पना व्यवहारांत येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९७९ सालीं टोकियोंत अशी पहिली व्यापारी यंत्रणा सुरू झाली.

हिशेब करून पाहिल्यावांचून या युक्तीचें महत्त्व पटत नाहीं. दुसऱ्या पिढीच्या काळांत आपल्याकडे एखाद्या कंपनीजवळ जाण्याला ६.२ व येण्याला ६.२ मेगाहर्ट्झ एवढी जागा असे. तीत २०० किलोहर्ट्झचे ३१ पट्टे बसतात आणि प्रत्येकावर, पुढें सांगितल्याप्रमाणें, आठ जागा. म्हणजे सगळ्या मिळून २४८. चंद्रपूर शहरांत एकच उंच मनोरा असता, तर कोळशाच्या खाणींवरील कामगार, वीजकेंद्रांतील नोकर, व्यापारी, विद्यार्थी हे सारे मिळून त्या कंपनीचे अडीचशेहि लोक एका वेळीं बोलूं शकले नसते! तेंच शहर पंचवीस-तीस घरांत विभागलें कीं तेच ३१ पट्टे पुन:पुन्हां कामास येतात. चैत्रांत महाकालीच्या यात्रेला माणसांचा पूर लोटला कीं घर आणखी लहान करावें, मनोरा आणखी बुटका करावा, आवाज आणखी हळू करावा. मोठ्या यात्रांतून चाकांवरचा तात्पुरता मनोरा आणून उभा करतात, तो याच हेतूनें. लहरींचा नवा थेंबहि न मिळवतां केवळ घरें लहान करून माणसें वाढवितां येतात, हें मनांत धरावें; कारण अरण्यांत गोष्ट बरोबर उलटी होते.

आतां त्या आठ जागांकडे वळूं. जीएसएम नांवाच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रणेंत एका पट्ट्यावर आठ माणसें बसतात तीं पंगतीच्या रीतीनें. एक पंगत सुमारें ४.६ मिलिसेकंदांची, तींत आठ पाट, प्रत्येक पाटावर बसण्यास अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित् अधिक वेळ. आपला फोन आपल्या पाटावर तेवढाच वेळ बसतो, एवढ्यांत आपल्या वांट्याचा मजकूर घाईघाईनें उरकतो आणि उठतो. मग दुसऱ्याचा फोन, मग तिसऱ्याचा. आठवा उठला कीं पुन्हां पहिला. सेकंदांत अशा २१७ पंगती उठतात. बोलणाराला याचा पत्ताहि लागत नाहीं, कारण फोन त्याच्या आवाजाचे वीस वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून, त्यांचे आंकडे बनवून, ते दाबून-दुमडून पाटावर बसण्यास तयार ठेवीत असतो. आपण ‘काय म्हणतां?’ एवढें विचारीपर्यंत आपला फोन शेंकडों वेळां बसून उठलेला असतो.

यांतील एक पाट मात्र वाढप्याचा. कोणाला कोठें बसवावें, कोणाला हांक मारावी, ही व्यवस्था त्यावरून चालते. म्हणजे एकाच पट्ट्याचा मनोरा असेल तर बोलणारांना उरले सात पाट. दोन पट्ट्यांचा असेल तर साधारणतः चौदा. एखाद्या दूरच्या गांवांतील लहान मनोऱ्याची ऐपत बहुधा एवढीच असे. सात पाटांवर किती ग्राहक सांभाळतां येतील, हा प्रश्न मोबाइलच्या फार पूर्वींचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत नोकरीस असलेल्या आग्नर एरलांग या गणितज्ञानें १९१७ सालीं त्याचें सूत्र बांधून दिलें. गर्दीच्या तासांत प्रत्येक माणूस सरासरी दीड मिनिट बोलतो असें धरा, आणि शंभरांत दोघांपेक्षां अधिकांना विन्मुख परतावें लागूं नये अशी अट घाला. सात पाटांवर सुमारें ११७ ग्राहक निभतात. पाट दुप्पट, म्हणजे चौदा केले, तर ग्राहक दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट, म्हणजे ३२८ निभतात. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांना याचें नवल वाटणार नाहीं. दोन बिऱ्हाडांचीं दोन लहान स्वयंपाकघरें आणि दोघांचें मिळून एक मोठें स्वयंपाकघर यांत हाच फरक असतो. परंतु त्याची दुसरी बाजूहि आहे. महाशिवरात्रीला मार्कंडा येथें वैनगंगेच्या कांठीं यात्रा भरते, लग्नसराई येते, पूर येतो. अशा दिवशीं ‘सरासरी दीड मिनिट’ हें गृहीतच ढांसळतें. ज्या घटकेला सगळ्यांनाच बोलावयाचें असतें तीच घटका सात पाटांच्या मनोऱ्याला सर्वांत जड जाते.

पंगतीच्या या रीतीनें अरण्यावर आणखी एक बंधन घातलें आहे, आणि तें तितकेंसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रकाश एका मायक्रोसेकंदांत सुमारें ३०० मीटर जातो. मनोऱ्यापासून ३० किलोमीटरवर असलेल्या फोनला मनोऱ्याची हांक पोंचण्यास १०० मायक्रोसेकंद लागतात, आणि त्याचें उत्तर परत येण्यास आणखी १००. एवढा उशीर झाला कीं तो आपला पाट सोडून शेजाऱ्याच्या पाटावर जाऊन बसणार! म्हणून मनोरा प्रत्येक फोनला त्याच्या अंतराप्रमाणें ‘तूं इतका आधीं नीघ’ अशी आज्ञा करतो. ही आज्ञा देण्यास शून्यापासून ६३ पर्यंतच पायऱ्या ठेवलेल्या आहेत, आणि एक पायरी सुमारें ५५० मीटरांची. म्हणजे झाले सुमारें ३५ किलोमीटर. त्यापलीकडे टेकडीच्या माथ्यावर उभें राहून फोनला मनोरा स्वच्छ ऐकूं येत असला, तरी मनोरा त्याला पाट देत नाहीं. अंतर वाढवावयाचेंच झालें तर एकेका पाहुण्याला दोन दोन पाट देण्याची सोय आहे. पण मग पंगतींतील माणसें निम्मी होतात. शहरासाठीं हें बंधन कोणाला जाणवत नाहीं, कारण तेथें मनोरे एक-दोन किलोमीटरांवर. ज्या जिल्ह्याचें क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यांतील दोन तृतीयांशांच्या आसपास भाग वनानें झांकलेला, तेथें मात्र तें जाणवूं शकतें.

पंगत सोडून एक निराळीच रीत मध्यंतरीं येऊन गेली. २००२ सालच्या अखेरीस रिलायन्सनें सीडीएमए नांवाची यंत्रणा मोठ्या प्रमाणावर आपल्या देशांत आणली. तींत सगळे फोन एकाच पट्ट्यावर, एकाच वेळीं बोलत. ऐकणाराला गोंधळ कसा होत नसे? आलापल्लीकडच्या आठवडी बाजाराचें चित्र डोळ्यांपुढें आणा. कोणी मराठींत भाव करतो आहे, कोणी माडियांत, कोणी गोंडींत. सिरोंच्याकडून आलेला तेलुगूंत, आणि मुलचेऱ्याकडचा बंगालींत. गलका एक, परंतु माडिया भाषेचा कान असलेल्याला त्यांतून माडियाच नेमकी ऐकूं येते, बाकीचें सारें नुसती गुणगुण. या यंत्रणेंत प्रत्येक फोनला अशी एक स्वतंत्र सांकेतिक भाषा दिलेली असे. अट एकच: कोणी शेजारीं उभा राहून ओरडतां कामा नये. मनोऱ्याजवळचा फोन मोठ्यानें बोलला तर दूरच्याचा आवाज बुडून जाई. म्हणून मनोरा प्रत्येक फोनला सेकंदांत आठशे वेळां ‘हळू’ किंवा ‘मोठ्यानें’ असें बजावीत असे. ती यंत्रणा आतां इतिहासजमा झाली. तिसऱ्या पिढीनें तेंच तत्त्व पुढें चालविलें.

जातां जातां एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. लहरींच्या एकाच पट्ट्यावर न बसतां क्षणाक्षणाला पट्टा बदलीत जावें, म्हणजे शत्रूला आडवें येतां येत नाहीं, या युक्तीचें एक पेटंट ऑगस्ट १९४२ मध्यें अमेरिकेंत दोघांना मिळालें. त्यांतील एक जॉर्ज अँथाइल हे संगीतकार, आणि दुसरी हॉलिवूडची प्रसिद्ध नटी हेडी लामार! पियानोच्या ८८ पट्ट्यांवरून त्यांनीं ८८ कंपनसंख्या घेतल्या होत्या. हेतु पाणतीर चुकूं नये हा. जीएसएमचे फोनहि दर पंगतीला पट्टा बदलूं शकतात. एखादा पट्टा झाडीमुळें किंवा दुसऱ्या मनोऱ्यामुळें खराब असला तर त्याची झळ एकाच माणसाला न लागतां सर्वांत थोडी थोडी वांटली जाते. नटीच्या सौंदर्याचें कौतुक त्या काळच्या वृत्तपत्रांनीं पोटभर केलें. तिच्या बुद्धीचें कौतुक व्हावयास मात्र पुढें अर्धें शतक जावें लागलें.

चौथ्या पिढीची वांटणी याहूनहि बारीक. तींत एक रुंद पट्टा १५ किलोहर्ट्झच्या बारीक धाग्यांत विभागतात. दहा मेगाहर्ट्झमध्यें असे ६०० धागे. पूर्वीं दोन पट्ट्यांमध्यें मोकळा बांध ठेवावा लागे. येथें धागे एकमेकांत चक्क गुंतलेले असतात. गणिताची खुबी अशी कीं, एका ठराविक कालखंडांत प्रत्येक धाग्याचे हेलकावे पूर्णांकांतच पुरे होतात, त्यामुळें एक धागा मोजतांना बाकी सर्वांची बेरीज शून्य येते. दर मिलिसेकंदाला मनोरा ठरवितो कीं या खेपेला कोणाला किती धागे द्यावयाचे. निरोप पाठविणाराला थोडे, चित्र पाहणाराला पुष्कळ, आणि नुसतें खिशांत असलेल्याला एकहि नाहीं. पंगतींत पाट अडवून बसण्याचा प्रकार गेला. जो भुकेला त्याच्या पुढें पान. परंतु अंतराचा जाच येथेंहि सुटत नाहीं. मनोऱ्याजवळच्या फोनला एका धाग्यावर पुष्कळ मजकूर लादतां येतो. दूरच्याला, झाडीआडच्याला तोच मजकूर सावकाश, पुनरुक्ति करीत, कित्येक धाग्यांवर पसरून पाठवावा लागतो. म्हणजे दूरचा माणूस सर्वांच्या सामायिक जागेंतील अधिक जागा खातो, आणि तरीहि त्याला कमी मिळतें.

झाडीचा उल्लेख आला, तेव्हां तिचेंहि गणित पाहूं. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ४३ सेंटिमीटर, १८०० ची सुमारें १७, आणि पांचव्या पिढीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची अवघी ९. लहर जितकी आंखूड, तितकी ती पानांत व फांद्यांत अधिक अडते आणि शोषली जाते. चैत्रवैशाखांत साग निष्पर्ण झालेला असतो, त्या वेळीं जो फोन लागतो तोच श्रावणांत लागेनासा होतो. ओल्या पानांचा तो पडदा आहे. दुर्दैव असें कीं, पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा रस्ता ज्या दिवसांत बंद पडत आला आहे तेच हे दिवस. बाळंतिणीला अडल्यावर १०८ ची गाडी बोलवावयाची तर रस्ता, पान आणि पाट या तिन्हींची अडचण एकदम उभी राहते. म्हणून अरण्याला लांब लहर हवी. बीएसएनएलनें चौथ्या पिढीसाठीं ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला आहे. रानाच्या दृष्टीनें तो शहाणपणाचा आहे.

एवढें झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊं. पट्टे आहेत, वांटणीच्या युक्त्या आहेत. मग ‘रेंज नाहीं’ कां? शहरांत घर लहान करून भागलें, कारण प्रत्येक लहान घरांतहि मनोऱ्याचा खर्च भरून काढण्याइतके ग्राहक होते. अरण्यांत घर मोठें करावें तर ३५ किलोमीटरांची, डोंगराची आणि पानांची मर्यादा. लहान करावें तर मनोऱ्याखालीं शंभर माणसेंहि नाहींत. लिलावांत पट्ट्यासाठीं बोली लावणारी कंपनी पुण्याकडे पाहून बोली लावते. एटापल्लीचा पट्टा तिला त्या व्यवहारांत जणूं फुकटच मिळतो आणि तसाच पडून राहतो. त्यांत पुन्हां मनोऱ्याला स्वतःचा संदेश पुढें न्यावयाचा असतो. शहरांत तो कांचतंतूंतून जातो. येथें कित्येक ठिकाणीं ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्गें न्यावा लागला, आणि उपग्रहाची ती अरुंद वाटहि पुन्हां पुष्कळ मनोऱ्यांत वांटलेली. वीज सौर पट्ट्यांची असेल तर आठवडाभर ढगांनीं सूर्य झांकल्यावर बॅटरीचीहि परीक्षा.

शिवाय या भागांत मनोरा उभा करणें हें केवळ खर्चाचें काम नव्हतें. माओवाद्यांनीं मनोरे जाळल्याच्या घटना गडचिरोलींत घडलेल्या आहेत. २०१४ सालीं केंद्र सरकारनें नक्षलप्रभावित राज्यांसाठीं जी योजना मंजूर केली, तींतील मनोरे सुरक्षेच्या दृष्टीनें निवडलेल्या जागांवर बीएसएनएलकडून उभारले गेले, आणि ते दुसऱ्या पिढीचे होते. अशा २,३४३ ठिकाणीं चौथी पिढी आणण्यास मंत्रिमंडळानें एप्रिल २०२२ मध्यें संमति दिली; अंदाज १,८८४ कोटींहून अधिक रुपयांचा. त्याच्या आधीं, नोव्हेंबर २०२१ मध्यें, पांच राज्यांतील आकांक्षित जिल्ह्यांच्या ७,२८७ गांवांसाठीं दुसरी योजना मंजूर झाली होती. त्या पांचांत महाराष्ट्र आहे आणि आकांक्षित जिल्ह्यांत गडचिरोली आहे.

तरी एक विचित्र प्रकार उरलाच होता. गांवांत सरकारी पैशानें उभारलेला मनोरा आहे, पण तो एका कंपनीचा. आणि हातांतील फोन दुसऱ्या कंपनीचा. मनोरा समोर दिसतो, आणि फोन मुका! आपत्कालीन ११२ या क्रमांकासाठीं फोन कोणत्याहि कंपनीच्या मनोऱ्याचा आश्रय घेऊं शकतो; परंतु आईला किंवा दवाखान्यांतील ओळखीच्या परिचारिकेला करावयाच्या साध्या फोनला ती मुभा नव्हती. सरकारी निधींतून झालेल्या चौथ्या पिढीच्या मनोऱ्यांवर बीएसएनएल, जिओ व एअरटेल यांच्या ग्राहकांनीं परस्परांची सेवा वापरावी, अशी व्यवस्था जानेवारी २०२५ मध्यें सुरू झाली. फोनांनीं आपसांत मायक्रोसेकंदांचा हिशेब केव्हांच मिटविला होता. मालकांच्या वांटणीला आणखी तीस वर्षें लागलीं. आमच्या मतें लिलावाच्या अटींतच अशी कलमें आरंभापासून असावयास हवीं होतीं, कीं जेथें तुम्ही मनोरा उभारणार नाहीं तेथील पट्टा दुसऱ्याला वापरूं द्या. पडीक जमिनीच्या बाबतींत आपल्या खेड्यांतून हा न्याय अपरिचित नाहीं.

आणखी एक सोय अलीकडे झाली आहे, आणि ती या सर्व वांटणीच्या बाहेरची आहे. जुलै २०२२ मध्यें गोदावरी-प्राणहितेच्या पुरानें सिरोंचा तालुक्यांतील अनेक गांवांच्या लोकांना घरें सोडावीं लागलीं. अशा प्रसंगीं एकेकाला फोन करून सांगावयाचें म्हटलें तर सात पाटांचा मनोरा कधींच पुरा पडणार नाहीं. त्यासाठीं ‘सेल ब्रॉडकास्ट’ नांवाची रीत आहे. तिच्या चांचण्या आपल्या देशांत २०२३ च्या पावसाळ्यांत झाल्या, आणि कित्येक वाचकांचे फोन त्या दिवशीं एकाएकीं कर्कश वाजूं लागल्याचें त्यांना स्मरत असेल. तींत मनोरा कोणालाहि पाट देत नाहीं. वाढप्याच्या वांट्याच्या जागेंतूनच तो एकदां मोठ्यानें सूचना वाचून दाखवितो, आणि त्याच्या टप्प्यांतील प्रत्येक फोन ती ऐकून घेतो. ऐकणारे दहा असोत वा दहा हजार, जागा तेवढीच लागते. पुलावर पाणी चढूं लागलें असतां मनोऱ्यावरचे सारे पाट भरलेले असले, तरी ही सूचना त्याच क्षणीं प्रत्येक खिशांत पोंचूं शकते. अट एवढीच, कीं मनोऱ्याची बॅटरी तोंवर टिकलेली असावी आणि उपग्रहाची वाट उघडी असावी.